घाई शिकवणारी यंत्रे

वाचकहो, नवे यंत्र हाती आले की त्याचे खोके फोडून, आतील माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलीला हे वेड कुठून लागले, असा प्रश्न माझ्या वडिलांना आजही पडतो. त्याचे उत्तर कराडच्या एका सायबर कॅफेत आहे. शाळेत असताना तासाला वीस रुपये मोजून मी तेथे बसत असे आणि त्यातील बराचसा वेळ जोडणी होण्याची वाट पाहण्यातच खर्ची पडे. मोडेमचा तो कर्कश सूर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना माझे म्हणणे लगेच कळेल. वाट पाहणे हा त्या काळच्या महाजालाचा अविभाज्य भाग होता. आज तो भाग उरलेला नाही, आणि त्याबद्दल सर्वांत आधी आनंद मानणाऱ्यांपैकी मी एक होते. परंतु गेली तीन वर्षे बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड परिसरातील आपल्या शाखेत काम करताना माझा हा आनंद काहीसा उणावला आहे. तो का, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

व्हाइटफील्ड म्हटले की काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली तरुण मंडळी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात हे गाव वसले ते शेतीसाठी. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीकरिता सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव गावाला लाभले. जुन्या वसाहतीची वर्तुळाकार आखणी 'इनर सर्कल' आणि 'आउटर सर्कल' या नावांतून अजूनही ओळखू येते. त्यानंतर शंभरएक वर्षे येथे फारसे काही घडले नाही. १९९० च्या दशकात सिंगापूरच्या सहकार्याने इंटरनॅशनल टेक पार्कची उभारणी झाली आणि गावाचे रूप पालटले. मार्च २०२३ मध्ये मेट्रोही येथपर्यंत पोहोचली.

सकाळच्या मेट्रोत उभे राहून पाहावे. प्रत्येक हातात स्मार्टफोन आणि त्या फोनवरची कितीतरी अ‍ॅप्स याच परिसरातील कचेऱ्यांत घडवली जातात. परंतु आमच्या शाखेत येणारा ग्राहकवर्ग मात्र वेगळा आहे. ती तरुण मंडळी शाखेची पायरी क्वचितच चढतात. येतात ते त्यांच्या इमारतींचे पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बायका, शहाळेवाले, आणि नातवंडे सांभाळण्यासाठी सांगली, सोलापूर, बेळगाव, हुबळीहून येथे आलेले त्यांचे आई-वडील. यंत्र घडवणारा मुलगा दहाव्या मजल्यावर झोपलेला असतो आणि ते यंत्र कसे वापरावे हे विचारायला त्याचे वडील माझ्यासमोर बसलेले असतात. मुलाला विचारायला त्यांना संकोच वाटतो.

यंत्रांविषयी माझी काही मते आहेत. सहकारी ती चहाच्या वेळी सहन करतात, आज वाचकांनी करावीत. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आलेल्या ग्राहकोपयोगी यंत्रांपैकी सर्वांत उत्तम यंत्र कोणते, असे मला कुणी विचारले, तर मी कोणत्याही महागड्या फोनचे नाव घेणार नाही. मी शहाळेवाल्याच्या गाडीवरील बोलक्या पेटीचे नाव घेईन. एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात शहाळे धरलेल्या माणसाला फोनच्या पडद्याकडे पाहता येत नाही. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचे जुनेच चित्र दाखवून निघून जाई आणि हा बिचारा फसे. पेटी आली आणि 'इतके रुपये मिळाले' असे त्याच्या भाषेत मोठ्याने सांगू लागली. येथे ती कन्नड बोलते, आमच्या कराडला मराठी. वापरणाऱ्याचे हात कोठे गुंतलेले आहेत याचा विचार ज्याने केला, त्या अनामिक अभियंत्याला माझा नमस्कार.

अर्थात त्या पेटीचीही एक मर्यादा आहे, ती जुलै २०२५ मध्ये साऱ्या बेंगळुरूने पाहिली. यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमांच्या आधारे कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि पाहता पाहता दुकानांतले क्यूआर कोड दिसेनासे होऊन त्या जागी 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. पुढे जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही असे राज्य शासनाने सांगितल्यावर प्रकरण निवळले. कर कोणी भरावा हा माझा विषय नव्हे. मला जाणवले ते एवढेच की, पेटी दर वेळी वीस रुपये, चाळीस रुपये असे ओरडून सांगत होती. त्या वीस-चाळिसांची वर्षाची बेरीज ४० लाखांच्या पुढे गेली तर माल विकणाऱ्याला नोंदणी करावी लागते, हे मात्र तिने कधी सांगितले नाही. क्षणाचा हिशेब यंत्राने उत्तम ठेवला, वर्षाचा हिशेब करण्याची उसंत कुणालाच मिळाली नाही. असो. हे थोडे विषयांतर झाले.

आजच्या ग्राहकोपयोगी तंत्रज्ञानाविषयी माझी मुख्य तक्रार याच उसंतीविषयी आहे. खरेदीच्या कोणत्याही अ‍ॅपवर जा. 'केवळ दोनच नग शिल्लक', 'सवलत संपायला आठ मिनिटे', 'आत्ता या क्षणी सतरा जण हेच पाहत आहेत' असे लाल अक्षरांत लिहिलेले आढळते. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि यादीत पहिला मान आहे 'खोटी निकड' या प्रकाराला. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे हाही एक प्रकार त्यात आहे. या प्रकाराचा प्रसाद मी स्वतः घेतलेला आहे. मिक्सर घेताना आधीच खूण केलेला एक चौकोन माझ्या नजरेतून सुटला आणि नको असलेली वाढीव हमी माझ्या गळ्यात पडली. यंत्रांच्या पुस्तिका पानोपान वाचणारी मी, तो पडदा मात्र वाचला नव्हता; कारण वर घड्याळ उलटे धावत होते.

चारशे रुपयांचा तो धडा स्वस्तात पडला. परंतु मला चिंता वाटते ती सवयीची. दिवसातून वीस वेळा आपण न वाचता 'ओके' दाबतो, 'अलाऊ' दाबतो, 'आय अ‍ॅग्री' दाबतो. वाचत बसणारा माणूस मागे पडतो, असे हे यंत्र रोज थोडे थोडे शिकवत असते. आणि मग एके दिवशी ही आयती सवय चोराच्या उपयोगी पडते. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, आज बँक खाते बंद होईल, आज पोलीस दारात येतील. चोराच्या प्रत्येक वाक्यात 'आज' असतो. त्याला आपल्याला नवे काही शिकवावे लागत नाही.

आता आमच्या शाखेतील एक प्रसंग सांगते. ग्राहकाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मागील वर्षी श्रावणात, दुपारी साडेबाराच्या सुमारास पांढरा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ काउंटरपाशी आले. साडेअकरा लाखांची मुदत ठेव मुदतीपूर्वी बंद करायची आहे आणि सर्व रक्कम आजच आरटीजीएसने पाठवायची आहे, असे त्यांनी हिंदीत सांगितले. ज्या खात्यात पाठवायची ते एका परराज्यातील व्यापारी पेढीचे होते. कशासाठी, असे विचारल्यावर 'नातेवाईक घर घेत आहेत' असे पाठ केल्यासारखे उत्तर आले. पासबुक पाहिले तर खाते मिरजेच्या शाखेतले. मी मराठीत म्हटले, "मिरजेचे होय? आमची आत्या तिथलीच. आपण शिक्षक होतात का, गुरुजी?" त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदीवरून मला तसा अंदाज आला होता. एरवी परमुलखात मराठी कानी पडली की माणसाचा चेहरा खुलतो. गुरुजींचा खुलला नाही. त्यांनी केवळ मान हलवली, आणि तेवढ्यात त्यांच्या एका कानातील इअरफोनमध्ये कुणीतरी काही बोलले असावे, कारण ते हवेतच 'जी, जी' म्हणाले. तेव्हा मला सदऱ्याच्या खिशातला फोन दिसला. कॅमेऱ्याचा भाग खिशाच्या काठावर ठेवलेला होता. कुणीतरी आमच्याकडे पाहत होते.

मी एक पे-इन-स्लिप उलटी केली आणि तिच्या पाठीवर लिहिले, 'गुरुजी, फोनवर पोलीस आहेत असे सांगतात का? खरे पोलीस असे करत नाहीत.' त्यांनी ते वाचले. माझ्या हातातून पेन घेऊन, हात थरथरत असतानाही अगदी वळणदार अक्षरात त्यांनी खाली लिहिले, 'मुलाला अटक होईल.'

वाचकहो, 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या कार्यक्रमात कर्नाटकातील विजयपूरच्या एका नागरिकाला आलेला असा दूरध्वनी साऱ्या देशाला ऐकवला होता आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असे सांगितले होते. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांचा देशभरातील तपास सीबीआयकडे सोपवला. आमच्या शाखेतही याबाबतचा फलक लावलेला आहे. गुरुजी त्या फलकाखालीच उभे होते. दोन दिवस आणि दोन रात्री ज्याला झोपू दिलेले नाही, सुनेलाही काही सांगू दिलेले नाही, त्या माणसाच्या नजरेला फलक दिसत नाहीत. माझ्या चिठ्ठीवरही त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांच्या लेखी मी एक भाबडी बँक कर्मचारी होते आणि पलीकडचा गणवेशातला माणूस म्हणजे सरकार.

मग आम्ही आमच्याकडे असलेली जुनी शस्त्रे काढली. 'गुरुजी, सही जुळत नाही, पुन्हा करा,' असे मी म्हटले. यात खोटे काही नव्हते, थरथरत्या हाताची सही खरोखरच जुळत नव्हती. तीन वेळा सही झाली. शाखा व्यवस्थापक आले, त्यांनी अर्ज वाचायला घेतला आणि दहा मिनिटे वाचत राहिले. त्यानंतर आमच्या रोखपालांनी ते वाक्य उच्चारले, ज्याच्यावर ग्राहक सर्वाधिक चिडतात: 'सर्व्हर स्लो आहे.' इतक्या वर्षांत हे वाक्य प्रथमच ग्राहकाच्या हिताचे ठरले असेल. असा पाऊण तास गेला आणि अखंड चाललेल्या त्या व्हिडिओ कॉलने फोनची बॅटरी संपली.

पडदा काळा झाला तेव्हा गुरुजी जे बोलले ते मी विसरू शकत नाही. ते अत्यंत घाबरून म्हणाले, "मॅडम, चार्जर आहे का हो? ते रागावतील." माझ्या खणात त्या वेळी दोन चार्जर होते. मी नाही म्हटले. त्यांना आतल्या खोलीत बसवून पाणी दिले, तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांच्याकडून नंबर घेऊन मुलाला फोन केला. त्याची कचेरी दोन किलोमीटरवर होती. व्हाइटफील्डच्या रहदारीतून यायला त्याला पन्नास मिनिटे लागली. वडिलांना पाहून तो आधी रागावला, मग गप्प झाला. बाहेर पडताना मला म्हणाला, "मॅडम, आमच्या कंपनीत खरेदीच्या वाटेवरचा एक पडदा कमी केला की टाळ्या वाजतात."

सर्वच कहाण्या अशा संपत नाहीत. त्याच महिन्यात एक बाई आल्या. त्यांना शाखेत यावेच लागले नव्हते. ठेव मोडणे, नवा लाभार्थी जोडणे, रक्कम पाठवणे हे सारे स्वयंपाकघरातील ओट्यापाशी उभ्याने, सांगेल तसे फोनवर दाबून झाले होते. काहीतरी चुकले हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा दोन दिवस उलटले होते. १९३० या क्रमांकावर कळवल्यास पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकतात तेथे ते रोखण्याचा प्रयत्न होतो. परंतु ही शर्यत घड्याळाशी असते आणि पहिल्या काही तासांतच तिचा निकाल बहुधा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे झालेले नुकसान तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला पूर्ण संरक्षण दिले. मात्र ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दिले असतील तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी, असेही त्यात होते. त्या बाईंना हे समजावून सांगताना मी नियम बरोबर सांगितले. घरी गेल्यावर मात्र मला जेवण गेले नाही.

गुरुजी आणि त्या बाई यांच्यात फरक कोणता होता? शिक्षण जवळपास सारखे, भीती सारखीच. फरक एवढाच की, गुरुजींच्या व्यवहारावर दुसऱ्या कुणाचीतरी नजर पडली. आणि येथे मला आपल्या व्यवसायातील एक जुना नियम आठवतो. आपल्या बँकेतील प्रत्येक कर्मचारी तो रोज पाळतो, ग्राहकांना मात्र तो ठाऊक नसतो. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून ती मान्य करायची: 'मेकर' आणि 'चेकर'. खतावण्यांच्या काळात लिपिक नोंद करी आणि अधिकारी तिच्यापुढे आद्याक्षरे घाली. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांत लेजर पोस्टिंग यंत्रे आली, पुढे कोअर बँकिंग आले, परंतु हा नियम कुणी मोडला नाही. मी अधिकारी असले तरी माझी एक नोंदही मी स्वतः मान्य करू शकत नाही. हा कोणाच्या प्रामाणिकपणावरचा अविश्वास नव्हे. एका माणसाचे डोळे दिवसाकाठी चुकतातच, हे शहाणपण त्यामागे आहे.

फोनवरून व्यवहार करताना मात्र ग्राहक स्वतःच मेकर असतो आणि स्वतःच चेकर. प्रशिक्षित कर्मचाऱ्याला जे करायची मुभा आपण देत नाही, ते आपण सत्तरीतल्या निवृत्त शिक्षकाकडून, तो घाबरलेला असताना, एकट्याने करवून घेतो आणि त्याला 'सुलभता' म्हणतो.

माझा यूपीआयला विरोध आहे, असा गैरसमज कृपया नसावा. एप्रिल २०१६ मध्ये आरंभ झालेली ही व्यवस्था ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार करून गेली. जगाने कौतुक करावे असे हे काम आहे आणि त्यासाठी झटणारी राष्ट्रीय देयक महामंडळाची मंडळी मुंबईतच बसतात याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान आहे. वीस रुपयांच्या शहाळ्यासाठी दोन सह्या कुणी मागू नयेत. माझे म्हणणे साडेअकरा लाखांपुरते आहे. तेही नव्या, अनोळखी खात्यात जाणाऱ्या.

आणि अडवणूक केली की लोक तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवतात, हा जो युक्तिवाद नेहमी केला जातो, तो मला इतिहासाच्या कसोटीवर टिकणारा वाटत नाही. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने महाजालावरील कार्ड व्यवहारांना दुसऱ्या टप्प्याची खातरजमा सक्तीची केली. तेव्हा जगातील बहुतेक देशांत केवळ कार्डावरचे आकडे भरले की काम होत असे. आपल्याकडचा व्यापार यामुळे मागे पडेल, अशी कुरकुर पुष्कळ झाली. एका परदेशी टॅक्सी-सेवेने व्यवहार परदेशातून फिरवून ही पायरी टाळली, तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पळवाटही बंद केली. व्यापार थांबला का? आज ओटीपीचे ते सहा आकडे आपल्या अंगवळणी पडले आहेत. आणखी अलीकडचे उदाहरण द्यायचे तर, दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची यूपीआयमधील सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. पैसे मिळणार या समजुतीने लोक पिन टाकत आणि उलट गमावून बसत. ती सोय गेल्याचे दुःख कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, प्रथमच एकमेकांशी व्यवहार करणाऱ्या दोघांमध्ये २,००० रुपयांवरील रक्कम चार तास थांबवावी असा विचार चालू असल्याचे वृत्त आले होते. आमच्या मेट्रोत त्याची यथेच्छ टिंगल झाली, मीही तीत सामील होते हे कबूल करते. गुरुजींचा प्रसंग घडल्यानंतर मी ती टिंगल आठवून वरमले. चार तासांत गुरुजींच्या सुनेने नक्कीच विचारले असते, बाबा, जेवत का नाही? फेब्रुवारी २०२६ च्या पतधोरण निवेदनात रिझर्व्ह बँकेने, जमा उशिराने करणे आणि ज्येष्ठ नागरिकांसारख्या ग्राहकांसाठी अतिरिक्त खातरजमा ठेवणे, अशा उपायांवर चर्चापत्र काढण्याचे जाहीर केले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले.

ज्या सिंगापूरच्या सहकार्याने व्हाइटफील्डचा कायापालट झाला, त्या देशाने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील एका बँकेच्या ग्राहकांना खोट्या लघुसंदेशांनी मोठ्या प्रमाणावर गंडवले. त्यानंतर महिनाभरातच, जानेवारी २०२२ मध्ये, तेथील नियामकाने बँकांना ग्राहकांच्या संदेशांतील दुवे काढून टाकायला लावले आणि फोनवर नवी डिजिटल किल्ली सुरू होण्यापूर्वी किमान बारा तास थांबण्याचा नियम केला. जगातील अत्यंत वेगवान देशाने आपल्या नागरिकांना बारा तास थांबवले! जुलै २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने तर फसवणुकीला बळी पडत असलेल्या, पण ते मान्य न करणाऱ्या व्यक्तीच्या खात्यातील व्यवहार पोलिसांच्या आदेशाने काही काळ रोखता येतात. या शेवटच्या पायरीपाशी मी मात्र अडखळते. माझे पैसे मी कोणाला द्यावेत हे पोलिसांनी ठरवावे का? ज्या माणसाला खोट्या पोलिसांनी घाबरवले, त्याला खऱ्या पोलिसांनी पुन्हा अडवावे, यात मला काहीतरी खटकते. त्यापेक्षा, स्वतः शुद्धीवर असताना ग्राहकानेच आपला चेकर नेमून ठेवावा, हे मला अधिक सभ्य वाटते. अमुक रकमेपुढील व्यवहार माझ्या लेकीने होकार दिल्याशिवाय जाऊ नये, असे गुरुजींना आज फोनवर एका जागी लिहून ठेवता आले पाहिजे. कल्पना नवी नाही. 'दोघांच्या सहीने' चालणारी संयुक्त खाती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये एकाने व्यवहार सुरू करायचा आणि दुसऱ्याने पिन टाकून तो पूर्ण करायचा, अशी सोय आहेच. परंतु तेथे पैसे त्या दुसऱ्याच्या खात्यातले असतात. पैसे वडिलांचे आणि नजर लेकीची, अशी उलटी रचना हवी.

ही झाली यंत्रातली दुरुस्ती. ती होईपर्यंत हाती असलेला एक उपाय सांगते, तो भाषेचा आहे. गुरुजींच्या फोनवरील अ‍ॅप इंग्रजीत होते, कारण ते मुलाने बसवून दिले होते. इंग्रजीत आलेला इशारा ते वाचू शकत, पण तो वाचण्याआधीच बोट पुढे जाई. मी त्यांच्यादेखत भाषा बदलून मराठी केली. अ‍ॅपमधील मराठी बरेचदा भाषांतरित आणि ओबडधोबड असते, हे मान्य. 'लाभार्थी यशस्वीरीत्या जोडला गेला' हे वाक्य कोणत्याही घरात बोलले जात नाही. पण गुरुजींनी ते वाचून ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या आणि माझा मुद्दा सिद्ध झाला: ते वाचत होते. बँकेचे संकेतस्थळ आता 'डॉट बँक डॉट इन' असे संपते, तेही मी त्यांना दाखवले. रिझर्व्ह बँकेने यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ मारली.

हल्ली ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्यायला येतात. गेल्या खेपेस शाखेबाहेरच्या शहाळ्याच्या गाडीपाशी ते मला दिसले. चष्मा कपाळावरून खाली घेऊन, फोन हातभर लांब धरून ते पडद्यावरची प्रत्येक ओळ पुटपुटत वाचत होते: पैसे कोणाला, किती, कोणत्या खात्यातून. मागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तीन-चार मुले खोळंबली होती. त्यातला एक म्हणाला, "अंकल, जरा जल्दी." गुरुजींनी मागे वळूनही पाहिले नाही. शहाळेवाल्यानेच कोयता खाली ठेवला आणि त्या मुलाला हाताने थांबण्याची खूण करून तो गुरुजींना म्हणाला, "परवागिल्ला, सर." गुरुजींनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळाने पेटी कन्नडमध्ये बोलली.